पुराआधी म्हशी कशा हलवायच्या: सांगलीवाडीच्या गोठ्यातून

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांना गेलं की इशारा आणि 45 फुटांना धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण ते आकडे पुलाचे आहेत, तुमच्या दाराचे नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता या भागातली कुटुंबं 40 व्हायच्या आधीच सामान उचलून निघालेली असतात. आणि ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत त्यांनी तर इशारा पातळीची वाटच बघू नये. माणूस शेवटच्या घडीला बोटीतून निघतो, म्हैस बोटीत चढत नाही. तिला रस्ता लागतो, कोरडा.

म्हणून मी सांगलीवाडीतल्या आमच्या आळीत सगळ्यांना एकच गोष्ट सांगत असते: तुमच्या रस्त्याचा आकडा काढा. घराचा नको, रस्त्याचा.

तो काढायची रीत सोपी आहे. 2019 च्या ऑगस्टमधे आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या पाण्याची खूण अजून कितीतरी भिंतींवर आहे, नसेल तर शेजारच्याला विचारा, कुणाच्या ना कुणाच्या लक्षात असते. उंबऱ्यापासून त्या खुणेपर्यंत टेप लावा. समजा आठ फूट भरलं, तर 57 मधून आठ गेले, म्हणजे आयर्विनला 49 झाले की तुमच्या उंबऱ्याला पाणी टेकतं. गोठा घरापेक्षा चार फूट सखल असेल तर गोठ्याचा आकडा 45. आता गोठ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जा आणि वाटेतली सगळ्यात खोलगट जागा शोधा. ओढ्यावरची मोरी असेल, नदीकाठच्या मळीकडं उतरणारी वाट असेल. ती गोठ्याहून तीन फूट खाली असली तर तुमचा खरा आकडा 42. घर कोरडं, गोठा कोरडा, आणि बाहेर पडायची वाट मात्र गेलेली, असं पुरात दरवेळी होतं. रस्ता आधी बुडतो, घर नंतर.

हा हिशोब अंदाजी आहे. नदीच्या पाण्याला उतार असतो, पुलापासून जितकं लांब जाल तितका फरक पडतो. म्हणून त्या आकड्यातून अजून चार-पाच फूट वजा करून तिथं जनावरं हलवायचं ठरवावं. वरच्या उदाहरणात ते 37-38 येतात. हलवायला दिवसाचा उजेड लागतो आणि पाणी रात्रीतून पाच-सहा फूट सहज चढतं. संध्याकाळी 34 असेल आणि वर पाऊस चालू असेल तर त्याच संध्याकाळी निघावं.

लोकांना घात करते ती जुनी खूण. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं, आणि 2019 ला पुष्कळ म्हातारी माणसं त्याच खुणेवर विसंबली. आमचे मामंजी तेव्हा सगळ्या आळीचं बोलणं बोलत होते: "2005 ला पायरी भिजली नव्हती, आता कशाला भिजतीय?" पाणी त्या खुणेच्या तीन-चार फूट वर जाऊन थांबलं. 2021 ला पुन्हा 54 च्या वर. त्यामुळं जुनी खूण मोजमापाला वापरा, भरवशाला नको.

वरून काय येतंय ते कसं वाचायचं

पावसाळ्यात पाटबंधारे खात्याकडून रोज पातळ्या येतात आणि गावागावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. त्या वरून खाली वाचायच्या: कऱ्हाडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन, पुढं अंकली आणि म्हैसाळ बंधारा. बहे-ताकारीला वाढ दिसली की ती आपल्याकडं यायचीच असते, फक्त वाटेत असते. आयर्विन स्थिर आणि भिलवडी चढती, असं दिसलं की आमच्याकडं दावी तपासायला सुरुवात होते.

कोयना धरण 105 टीएमसीचं. पाणी सोडलं की बातमी क्युसेकमधे (सेकंदाला किती घनफूट) येते आणि साठा टीएमसीत (अब्ज घनफूट), त्यामुळं माणूस गोंधळतो. एवढं ध्यानात ठेवा: 1 लाख क्युसेकनं दिवसभर सोडलं तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी खाली येतं. धरण जवळजवळ भरलेलं असताना नवजा, कोयनानगर, महाबळेश्वरला पाऊस लागून राहिला तर आत येणारं पाणी धरायला जागा उरत नाही, ते सोडावंच लागतं. धरण रिकामं असताना तोच पाऊस पोटात मावतो. म्हणजे नुसता विसर्ग बघून भागत नाही, साठा किती टक्के झालाय तेही बघायचं.

पण धरणाकडंच डोळे लावून बसणंही धोक्याचं. 23 जुलै 2021 च्या सकाळी महाबळेश्वरला चोवीस तासांचा पाऊस 594 मिलिमीटर मोजला गेला. धरणाच्या खाली जे ओढे-नाले कृष्णेला मिळतात, त्यांच्यावर कुणाचा दरवाजा नाही. तसा पाऊस त्यांच्यावर झाला तर कोयनेची दारं बंद असली तरी सांगलीत पाणी चढतं.

आणि हरिपूर विसरू नका. वारणा तिथं कृष्णेत येते. वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग जोरात असला, वारणा भरून आली, की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. त्याच्याही खाली नरसोबावाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम भरल्या की पूर चढतो लवकर आणि उतरतो फार सावकाश. खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर वाढतो का, हा वाद दरवर्षी रंगतो, तो शहाण्यांनी घालावा, घातलाच पाहिजे. आपल्याला मात्र पाण्याबरोबर निघायचंय, निकालाबरोबर नाही.

मे-जूनमधे करायची कामं

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या. पुरानंतरच्या चिखलात हेच रोग आधी उठतात. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला आहे का बघा, पडला असेल तर दवाखान्यातून परत मारून घ्या, आणि बिल्ल्याचा नंबर दिसेल असा चेहऱ्याचा एक आणि आडवा अख्ख्या अंगाचा एक फोटो काढून घरातल्या दोन-तीन मोबाईलवर ठेवा. छावणीत शेकडो काळ्या म्हशी एकत्र येतात. तुमची कुठली ते तुम्हाला कळतं, पंचनामा करणाऱ्याला कळत नाही.

जनावरं कुठं न्यायची ते आताच ठरवा, आणि त्या माणसाशी आताच बोला. आमची नणंद मालगावला आहे. पाऊस लागण्याआधी आम्ही तिच्याकडं कडबा आणि पेंडीची चार पोती नेऊन ठेवतो, कारण पुरात ऊस पाण्याखाली जातो आणि वाडं (उसाचे हिरवे शेंडे) मिळेनासं होतं. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) असेल तर त्याच्या बंद पिशव्या हलवायला सगळ्यात सोयीच्या. ज्यांना उंचावर पाहुणा नाही त्यांनी तलाठ्याला किंवा नगरसेवकाला विचारून ठेवावं की जनावरांची सोय यंदा कुठं आहे. सांगलीवाडीकरांनी हेही ठरवावं की पुलावरून मिरजेकडं जायचं की पेठ रस्त्यानं. पूल पाण्याच्या वर उभा असतो, पण पुलाकडं नेणारा रस्ता बुडतो, आणि पेठ रस्त्यावरही पाणी येतं.

टेम्पोवाल्याशी बोलणं जुलैतच करावं. पूर आल्यावर सगळी सांगली त्याच टेम्पोला फोन करते.

गोठ्यात साखळ्या असतील तर पावसाळ्यापुरत्या काढून ठेवा आणि दावी वापरा. साखळीची कडी ताणली की पाण्यात हातानं सुटत नाही. दावं खुंट्याला बांधताना टोक गाठीतून आरपार ओढून काढायचं नाही. टोकाची दुमड करून ती दुमड गाठीतून काढायची आणि ताणायची, मोकळं टोक बाहेर लोंबू द्यायचं. जनावरानं कितीही ओढलं तरी ती बसते, आणि आपण मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. घरातल्या बारक्या पोरांनाही ही गाठ यायला हवी. शिवाय आढ्याला हाताशी एक धारेचा विळा खोचून ठेवा.

टेम्पोत चढवताना

आधी धार काढा. भरल्या कासेनं म्हैस चालायलाही नाराज असते. गाभण आणि नुकत्या व्यालेल्या म्हशी इतरांच्या आधी, पाऊस बघून एक-दोन दिवस अलीकडंच पोचवा. शेवटच्या धावपळीत त्यांना टेम्पोत कोंबू नये.

टेम्पो बांधाला किंवा उकिरड्याच्या उंचवट्याला मागून लावायचा, म्हणजे फाळका जमिनीच्या पातळीत येतो. उंचवटा नसेल तर मातीची पोती रचून उतार करावा. आत पत्र्यावर पाचट अंथरून वर माती पसरायची, खूर घसरला की पुढची म्हैस तिथंच अडते. आधी रेडकू चढवायचं, मग त्याची आई, मग कळपातली म्होरकी. म्होरकी आत गेली की बाकीच्या तिच्या मागं येतात. पिकअपमधे मोठ्या म्हशी दोनच घ्याव्यात. शेपूट पिळू नका, मारू नका. ओरडणारी माणसं लांब उभी करा, एक ओळखीचा माणूस पुढं पेंड घेऊन उभा असला की पुरे. आमच्या चंद्रीला पोतं डोळ्यांवर धरल्याशिवाय टेम्पोत पाऊल टाकवत नाही. प्रत्येक गोठ्यात अशी एक असते, तिचं काय करायचं ते आधी माहीत असावं.

निघणं जमलंच नाही, पाणी वाटेवर आलंच, तर सगळी दावी सोडा. सगळी. "पाणी इतकं येणार नाही" म्हणून बांधून ठेवलेली जनावरं 2019 ला जागच्या जागी गेली. म्हैस चांगली पोहते, सुटी असली तर उंचवटा शोधते. गळ्यातलं लांब दावं कापून टाका, ते झाडाझुडपात अडकतं. आणि तिच्यामागं तुम्ही पाण्यात उतरू नका. ओढ असते, खाली तारा असतात, आणि भिलवडी-औदुंबरापासून इकडं कृष्णेत मगरी आहेत, पुरात त्या शेतात, ओढ्यात शिरतात.

माणसांचं

कागदं (सातबारा, रेशनकार्ड, आधार, पासबुक) प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या. थोडी रोकड आणि गाडीत पेट्रोल, कारण 2019 ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला आणि शहरात पेट्रोलपासून भाजीपर्यंत सगळ्याची टंचाई झाली. निघताना मेन स्विच बंद. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा. भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो आणि वाहून जातो. विहिरीवरची मोटर आधीच वर काढलेली असावी.

बोटीत बसायची वेळ आली तर भरलेल्या बोटीत चढू नका, पुढच्या फेरीची वाट बघा आणि लाइफ जॅकेट मागा. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला जादा माणसं बसलेली बोट उलटली. त्यात बाया होत्या, कडेवरची लेकरं होती. त्या गावाचं नाव घेतलं की आजही आमच्याकडं बोलणं थांबतं. फेरी परत येईपर्यंत माळ्यावर किंवा गच्चीवर थांबणं परवडतं. मदतीला जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, रुग्णवाहिका 108, पोलीस 112.

पाणी ओसरल्यावर

घरात शिरताना हातात काठी. घोणस, नाग, मण्यार सगळे कोरड्या जागेला आलेले असतात, गव्हाणीत, सरपणात, अंथरुणाच्या घडीत. चावलं तर जखम चिरू नका, आवळून बांधू नका, हातपाय न हलवता थेट सरकारी रुग्णालयात. सांगलीतले रस्ते बुडालेले असतील तर मिरजेला.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की कुदळीनंही निघत नाही. पण त्याआधी प्रत्येक खोलीचे, गोठ्याचे, भिजलेल्या वैरणीचे फोटो काढा आणि भिंतीवरची नवी पाणीखूण रंगानं ओढून साल लिहा. वायरमननं बघितल्याशिवाय स्विच लावू नका. पाणी उकळूनच प्या. पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आशाताईंकडून मिळतं, किती थेंब ते त्यांनाच विचारा. पायाला जखम असेल तर चिखलात उघड्या पायानं जाऊ नका, आणि ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टोची (उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती असते.

जनावर दगावलं असेल तर नदीत लोटू नका. बिल्ल्यासकट फोटो काढा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्या, तलाठ्याला कळवा, मगच पुरा. दाखल्याशिवाय भरपाईचं पुढं काही होत नाही.

वाचलेल्या जनावरांना गाळ बसलेलं गवत आणि बुरशी आलेला कडबा घालू नका, कितीही उपाशी वाटली तरी. आधी स्वच्छ पाणी, मग थोडी कोरडी वैरण, पेंड हळूहळू वाढवत. संकलन बंद असेल, दूध न्यायला रस्ता नसेल, तरी दोन्ही वेळच्या धारा चुकवू नका, नाहीतर कासदाह होतो. ते दूध छावणीतल्या लेकरांना द्या. घशाला सूज, तोंडाला लाळ, खुरात जखम यातलं काही दिसलं तर ते जनावर वेगळं बांधून त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या नंबरला फोन करा.