शाळेचं पेज हातात आलं, आता काय?

आमची शाळा माण तालुक्यातल्या एका वस्तीवर आहे. पहिली ते चौथी आणि दोन शिक्षक. "बाई, तुम्हाला मोबाईलमधलं कळतं" एवढ्या पात्रतेवर मुख्याध्यापकांनी शाळेचं फेसबुक पेज माझ्याकडे सोपवलं. तुमच्याकडेही ते असंच आलं असणार. मग माझ्या चुका बघून घ्या, तेवढ्या तरी तुमच्या वाचतील.

पोस्ट टाकायची घाई नको. आधी पेज कुणाच्या खात्यावर आहे ते बघा. माझ्या आधीच्या शाळेत ते एका गुरुजींच्या खासगी खात्यावर होतं. त्यांची बदली झाली, नंबर बदलला आणि पेज तसंच लटकून राहिलं. जुना फोन नंबर, जुने फोटो, आणि काढायचं म्हटलं तर कुणालाच येईना. म्हणून पूर्ण अधिकार कमीत कमी दोघांकडे ठेवा, त्यातले एक मुख्याध्यापक. शाळेच्या नावाचा वेगळा ईमेल काढा. बदली झाल्यावर आपण चार्ज देताना पोषण आहाराची पातेली नि वजनकाटा लिहून देतो, त्याच यादीत पेजही लिहा.

आता परवानगी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं म्हटलंय. कायदा नसता तरी विचारायलाच हवं होतं. जूनमध्ये दाखल करायला आई-बाप येतात तेव्हाच मी कागद पुढे करते. त्यावर तीन वेगळे प्रश्न असतात: फोटो चालेल का, व्हिडिओ चालेल का, नाव लिहिलं तर चालेल का. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवते. 'नाही' म्हणणाऱ्यांच्या मुलांपुढे हजेरीत पेन्सिलीने बारीक फुली. फोटो काढताना ती मुलं बाजूला काढून उभी करायची नाहीत, त्यांना ते लागतं. सगळ्यांचा पाठमोरा फोटो घ्या, नाहीतर नुसत्या हातांचा. मातीचे बैल करणारे वीस हात आमच्या पेजवर सगळ्यात जास्त आवडले होते.

टाकण्याआधी फोटो मोठा करून कोपरे बघा. मागे फळ्यावर पट असतो, टेबलावर आधार नंबर लिहिलेली यादी पडलेली असते. मुलाचं पहिलं नाव पुरे. आडनाव, इयत्ता नि वस्ती एकाच ओळीत कशाला? चेहऱ्यासोबत ही सगळी माहिती म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात पत्ताच.

आता जी चूक आठवली की अजून कानशिलं तापतात ती सांगते. पुण्याहून पाहुणे आले, दप्तरं वाटली. मी हौसेने एकेका मुलाचा दप्तर घेतानाचा फोटो टाकला, खाली 'गरजू विद्यार्थ्यांना मदत'. दुसऱ्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीची आई दारात. आवाज चढवला नाही तिने. "बाई, तुम्ही आमच्या पोरीला मागती केलीत. तिचा मामा कोइमतूरला हाय, त्यानं बघितलं." तिच्यासमोरच पोस्ट काढली. परवानगीचा कागद तिने सही करून दिला होता, तरी चूक माझीच. तेव्हापासून वाटपाचा फोटो म्हणजे दप्तरांचा ढीग आणि पाहुणे, मूल नाही. आणि 'गरजू' हा शब्द पेजवरून हद्दपार.

पण त्या मामामुळे एक कळलं. आमच्या भागातली गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला पार केरळ-तामिळनाडूपर्यंत पसरलीत. मेंढरं घेऊन उतरलेली निम्मं वर्ष बाहेर. पेज वाचतात ते हे लोक. गावातल्यांना शाळा रोज दिसते. त्यांच्यासाठीच्या सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर द्या, आणि तिथे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करून ठेवा, म्हणजे पहाटेची गुलाबाची फुलं थांबतात. पेजवर मात्र गाव दाखवा. सत्कार, हार, शाल यांनी बाहेरच्या माणसाला गाव भेटत नाही.

आमच्याकडे चाललेली गोष्ट १ जूनची. पूर्वी पोराची जन्मतारीख आईबापाला सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे अर्ध्या म्हाताऱ्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! मी जनरल रजिस्टर काढून अशा पाच जणांच्या घरी गेले. (रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकू नका. त्यात जात असते.) "तुमच्या बालपणाबद्दल सांगा" म्हटलं की माणूस भाषणच सुरू करतो. "शाळेत फडक्यात काय बांधून न्यायचा?" विचारलं की भाकरी-चटणी, वाटणीची एकच पाटी, नि ती फुटल्यावर खाल्लेला मार असं सगळं बाहेर येतं. फोन विमान मोडवर टाकून, रेकॉर्डिंग चालू करून मांडीजवळ ठेवायचा, आणि वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. वीस मिनिटांचं ऐकायचं, लिहायच्या दहा ओळी. बोली सुधारायची नाही.

लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवायचं, ही पायरी गाळू नका. एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झ्याक हाय. पर मालकांच्या दारूचं काढा, नातसून वाचती." काढलं. तेच वाक्य सगळ्यात चांगलं होतं, पण आयुष्य त्यांचं.

स्नेहसंमेलन लाइव्ह दाखवायच्या फंदात पडू नका. सिनेमाच्या गाण्याच्या हक्कावरून फेसबुक आवाज बंद करतं, मग पोरं मुकी नाचताना दिसतात. आमची पोरं धनगरी गजीनृत्य करतात, ढोल त्यांचाच, तिथे अडचण येत नाही.

खाली कुणी "शौचालयाला दार कधी बसणार?" असं विचारलं तर ती कमेंट उडवू नका. मी "समितीच्या बैठकीत विषय घेतलाय" असं लिहिलं, आणि खरंच घेतला. शिवीगाळ मात्र लगेच काढायची, वाद घालत बसायचं नाही. निवडणूक लागली की पुढाऱ्यांचे फोटो बंद.

वेळेचं म्हणाल तर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास. आठवड्याला दोन पोस्ट, जास्त नाही. मागच्या शनिवारी पोषण आहाराच्या मावशींची गोष्ट लिहून झाली, पण अजून टाकलेली नाही. त्या म्हणाल्या, फोटो चुलीपाशी नको, नवं लुगडं नेसून येते.