गाडी उचल घेत नाही: जुन्या एमएक्स-५वर काम शिकणाऱ्यांसाठी

ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून तुम्ही इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या गॅरेजात रुजू झालात, तर पहिल्या जनरेशनची माझदा एमएक्स-५ तुमच्या हाताखाली येणारच. जपानहून वापरलेली आणलेली असेल तर तिच्यावर युनोस रोडस्टर असं नाव दिसेल. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी उचल घेत नाही. मी याच कामात आहे, आणि नव्या मुलांना आधी एवढंच सांगतो की लगेच पार्ट मागवू नका. ग्राहकाला गाडी चालवायला लावा आणि शेजारी बसा.

आधी कुठली गाडी आहे ते बघा. १९९५ ते १९९७ मध्ये इथे विकलेली १.६ लिटरची साधी एमएक्स-५ कंपनीनेच ९० पीएसवर (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) आणली होती, त्याआधीची १.६ सुमारे ११५ पीएसची. मालकाने मित्राची जुनी गाडी चालवून पाहिली असेल, तर त्याला स्वतःची गाडी मंद वाटणारच. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, आणि तसं सरळ सांगावं.

शेजारी बसल्यावर मंदपणा नेमका कुठे येतो ते ओळखा. पाय टेकवल्या टेकवल्या अडखळते आणि मग सुटते? चढावर वरच्या गिअरमध्ये जोर दिला की झटके देते? की खाली ठीक चालते आणि वर दम संपतो? हे तीन वेगळे आजार आहेत.

कामाला लागल्यावर पहिली तपासणी फुकटची. इंजिन बंद ठेवून सोबत्याला पॅडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही थ्रॉटल बॉडीकडे, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे बघा. या गाडीत थ्रॉटल साध्या केबलने उघडतो. केबल सैल पडली असेल किंवा पॅडलखाली जाड मॅट असेल, तर थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही.

आता खरा मुद्दा. हाताने गिअर बदलायच्या १.६मध्ये थ्रॉटलवरचा स्विच इंजिनच्या कॉम्प्युटरला दोनच गोष्टी कळवतो: पाय पूर्ण उचललेला आहे, किंवा पॅडल जवळजवळ पूर्ण दाबलेलं आहे. मधलं काहीच नाही. मधल्या सगळ्या अवस्थेत पेट्रोल किती सोडायचं, हे एअरफ्लो मीटरमधली (आत जाणारी हवा मोजणाऱ्या भागातली) झडप हवेच्या ओढीने किती उघडते त्यावर ठरतं. म्हणून झडप आणि इंजिन यांच्यामध्ये कुठूनही हवा आत शिरली, तर कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पाय टेकवताच गाडी अडखळते.

ही चोरटी हवा बहुधा एअरफ्लो मीटरकडून थ्रॉटलकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीतून शिरते. ती नळी नुसती वरून बघून सोडू नका. काढा, दोन्ही हातांनी ताणा आणि प्रत्येक घडी उलगडून खालची बाजू उजेडात धरा. तीस वर्षांचं रबर घडीच्या तळाशी चिरतं. आयडलला, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन चालू असताना, ती चीर मिटलेली असते, जोर दिल्यावर इंजिन माउंटवर हलतं, तेव्हा उघडते. म्हणूनच गॅरेजात उभी असताना गाडी शहाण्यासारखी वागते. आणखी एक सोपी युक्ती आहे: इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. आयडल बिघडायला हवं. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच दुसरीकडून शिरते आहे. मग स्मोक मशीन लावा, आत सोडलेला धूर जिथून बाहेर येतो तिथे गळती. डिपस्टिक नीट बसलेली नसली तरी हाच त्रास होतो.

नळी धड असेल तर एअर फिल्टर काढून झडप बोटाने ढकला. ती अलगद, कुठेही न अडता उघडली पाहिजे आणि स्प्रिंगने पूर्ण परत आली पाहिजे. १९९४च्या मॉडेलपासून आलेल्या १.८मध्ये ही झडप नाही, तिथे तापलेल्या तारेचा सेन्सर आहे. चोरट्या हवेचा नियम मात्र तोच.

चढावर झटके देणाऱ्या गाडीत मी आधी प्लगच्या वायरींवर संशय घेतो. या मॉडेलला हा रोग फार. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा, ठिणगी बाहेर उडताना दिसते. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलंय का तेही बघा. असेल तर कॅम कव्हरचं गॅस्केट बदलल्याशिवाय नव्या वायरीही टिकणार नाहीत.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बघताना डायग्नोसिस बॉक्समधले (इंजिनजवळच्या तपासणीच्या डबीतले) टीईएन आणि जीएनडी हे दोन पॉइंट वायरने जोडा, नाहीतर कॉम्प्युटर स्वतःच टायमिंग फिरवत राहतो आणि तुमचं रीडिंग निरर्थक ठरतं. आयडल ८५० आरपीएमच्या आसपास ठेवून १० अंश मिळायला हवेत.

सुरुवातीच्या १.६मध्ये क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. चार खाचांची पुली असेल तर ही तीच समजा. तिथला बोल्ट सैल राहिला की क्रँकवरची चावीची खाच (कीवे, जिच्यात पुली फिरू नये म्हणून धातूची पट्टी बसते) घासत जाते, कॅम आणि ठिणगी दोन्ही मागे पडतात आणि गाडी सगळीकडेच मंद होते. इंजिन चालू असताना पुली डगमगताना दिसली, तर गाडी तिथेच बंद करा आणि वरिष्ठांना बोलवा. नवशिक्याने एकट्याने उघडायचं हे काम नाही.

वर दम संपत असेल आणि केबल ठीक असेल, तर मागच्या चाकाजवळचा पेट्रोल फिल्टर आणि धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे दोनच मुख्य संशयित. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतं ते दाखवणारा मीटर) लावा आणि इंजिन २,५०० आरपीएमवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली सरकत गेला तर धूर बाहेर पडायला वाट नाही असं धरा.

काम झाल्यावर ग्राहकाला पुन्हा त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये घेऊन जा. जॉब कार्डवर बदललेल्या पार्टसोबत आधीचं आणि नंतरचं रीडिंगही लिहा.