तळ्याच्या पाण्याच्या सफाईचं ध्येय ठरवताय? आधी या चुका टाळा

"सर, रिपोर्ट आला. फॉस्फेट निल हाय बघा!" दरवर्षी असा एक तरी फोन येतो, आणि आवाजात पेढे वाटायची तयारी असते. मी एवढंच विचारतो, पाणी दिसतंय कसं? "हिरवंगार हाय की."

हिरव्या पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट सापडणार कुठून? ते शेवाळानं खाल्लेलं असतं. तासगावकडच्या एका गावानं अशाच 'निल'वर ध्येय ठरवलं, 'तळ्यात फॉस्फेट शून्य ठेवणे'. म्हणजे ठराव होण्याआधीच ध्येय गाठलेलं! फेब्रुवारीत फलक लागला, सत्कार झाले. फेटा मलाही बांधला होता, म्हणून पुढचं जास्त लागलं. एप्रिलमध्ये एका सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच. सरपंच म्हणाले, "कुणीतरी औषध टाकलं असणार." रिपोर्टात तर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ८ मिलिग्रॅम होता, आंघोळीच्या पाण्याला किमान ५ लागतो. नमुना कधी घेतला होता? दुपारी बाराला, साहेबांची गाडी आली तेव्हा. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मीटर घेऊन मी स्वतः काठावर गेलो, आकडा दोनच्याही खाली होता. औषधबिषध काही नव्हतं.

तेव्हापासून माझा नेम ठरलाय. ऑक्सिजन मोजायचा तो उजाडायच्या आत, आणि ज्याला पहाटे उठवत नाही त्यानं ध्येय ठरवायच्या बैठकीला येऊ नये. प्रयोगशाळेकडून मागायचा तो टोटल फॉस्फरस, म्हणजे विरघळलेला आणि शेवाळात अडकलेला दोन्ही मिळून, तोही न गाळलेल्या पाण्याचा. आकडा 'पीओ४' (फॉस्फेट) म्हणून दिलाय की 'पी' (नुसता फॉस्फरस) म्हणून, हेही विचारून घ्या. पीओ४ ०.३ म्हणजे पी साधारण ०.१. तिपटीचा फरक पडतो, आणि यावरून मी लोकांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय.

आता हा ०.१ केवढा? ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या १९८२च्या वर्गवारीत वर्षाची सरासरी लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेली की तळं अतिसुपोषित, म्हणजे शेवाळाला खाद्य नको तितकं. दहा एकरांचं, सरासरी दीड मीटर खोल तळं धरा, पाणी होतं सुमारे ६ कोटी लिटर. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात फॉस्फरस असतो साधारण १० किलो. उसाच्या रानातून एवढं एक पोतं धुऊन आलं तरी एकटं ०.१६ची भर घालतं. हा हिशेब मी ग्रामसभेत फळ्यावर मांडतो. मागच्या बाकांवरची बडबड तिथं थांबते.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे 'पुढच्या गणपतीपर्यंत पाणी निवळ पाहिजे'. सांडपाण्याचा नाला वळवला तरी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस उन्हाळ्यात वर येत राहतो. उथळ तळ्यात वाराही गाळ ढवळतो. युरोप-अमेरिकेतल्या उथळ तळ्यांत बाहेरचा फॉस्फरस तोडल्यावर पाणी नव्या पातळीला स्थिरावायला बहुधा १० ते १५ वर्षं गेली. तुरटी टाकून पाणी आठवडाभर निवळतं, फोटो छान येतात. पण सांडपाणी चालूच असेल तर ती आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून ध्येय दोन टप्प्यांत लिहा. आधी येणारा फॉस्फरस किती कमी केला ते, कारण ते आपल्या हातात आहे. मग पाण्याचा निवळपणा. त्यासाठी मी २० सेंटीमीटरची जुनी स्टीलची ताटली काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांत रंगवलीय, दोरीला वीतभर अंतरानं गाठी. हीच सेक्की चकती, १८६५पासून चालत आलेली. मे महिन्यात ती निम्म्या खोलीपर्यंत दिसली की ठोकळमानानं उजेड तळाला पोचतो. मग पाण्याखालच्या वनस्पती धरतात, आणि त्या धरल्या की गाळ बसून राहतो. फक्त मच्छीमारी ठेकेदाराला विचारून ठेवा, सायप्रिनस माशाचं बी सोडलं का? तो मासा तळ उकरून काढतो आणि सगळं मुसळ केरात.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे आकडे जतच्या तळ्याला लावू नका. पाऊस वेगळा, माती वेगळी.

म्हैसाळ योजनेचं पाणी तळ्यात सोडत असाल तर कृष्णेबरोबर काय आलं तेही मोजा.

जलपर्णी काढून काठावरच ढीग लावलात? कुजून सगळं परत आत जातं.

आणि नमुन्याची बाटली भांड्याच्या पावडरीनं घासू नका, काही पावडरींत फॉस्फेट असतं. तळ्याच्याच पाण्यानं तीनदा विसळा, भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. एसटीच्या टपावर टाकून पाठवलेल्या बाटलीचा रिपोर्ट मला दाखवायला आणू नका.