सालीचा अर्क तपासायचाय? आधी कंट्रोल (तुलनेसाठीची चाचणी) लावा

अर्जुनाच्या सालीवर एमएस्सीचा प्रोजेक्ट करायचा असेल तर साल बाजारातून आणू नका, अशोकाच्या नावाखाली खोट्या अशोकाची साल खपवतात हे तर सगळ्यांना माहितीय. झाड स्वतः बघा, फांदी दाबून वाळवून हर्बेरियम (ओळखीसाठी जपलेला नमुना) करा आणि बॉटनीच्या सरांकडून नाव पक्कं करून घ्या. राधानगरी अभयारण्यातून विनापरवाना काही काढायचं नाही. शेताच्या बांधावरचं झाड असेल तर मालकाला विचारून एका बाजूची छोटी पट्टी घ्या, गोल सोललं की झाड मरतं, कारण अन्न वाहणारा थर सालीतच असतो.

वाळवायचं सावलीत, पण आपल्याकडच्या पावसात साल वाळता वाळत नाही आणि बुरशी धरते, मग सरळ 40 अंशावर ओव्हनला टाका. 10 ग्रॅम पावडर, 100 मिली 70 टक्के इथेनॉल, शेकरवर 24 तास, गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवा आणि वजन लिहून ठेवा.

आता खरी गोम. सालीत टॅनिन (तुरट रसायन) भरपूर असतं आणि ते दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं, त्यामुळे एन्झाइम टेस्टमध्ये अर्क भारी वाटतो पण ते त्या एन्झाइमवरचं खास काम नसतंच. फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाका, निळाकाळा किंवा हिरवट रंग आला तर टॅनिन आहे समजा. मग अर्काचा थोडा भाग पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पावडर) टॅनिन काढून तपासा, आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवा.

अँटिऑक्सिडंटसाठी डीपीपीएच (अँटिऑक्सिडंटने फिका पडणारा जांभळा पदार्थ) साधं आहे: 4 मिलिग्रॅम 100 मिली मिथेनॉलमध्ये, अर्क घालून 30 मिनिटं अंधारात, 517 नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रीडिंग, सोबत तुलनेला अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. अर्काचा स्वतःचा तपकिरी रंगही रीडिंगमध्ये येतो, म्हणून डीपीपीएच न घालता प्रत्येक डोसचा वेगळा ब्लँक (नुसत्या अर्काचं रीडिंग, नंतर वजा करायला) लावाच, कंटाळा करू नका.

बॅक्टेरियाचं काम मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्येच. म्युलर-हिंटन अगार (बॅक्टेरिया वाढवायचं माध्यम), 0.5 मॅकफारलँडचं (ठरलेल्या गढूळपणाचं) कल्चर, 37 अंशाला रात्रभर, अगारात पाडलेल्या एका वेलमध्ये (खड्ड्यात) अर्क, एकात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, एकात नुसतं डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक), अर्कात जेवढं तेवढंच. झोन (वेलभोवती बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ) आला म्हणून घरात कुणाला काढा पाजायचा नाही, प्लेट म्हणजे माणूस नव्हे. आणि झोनच्या मिलिमीटरवरून दोन अर्कांची तुलनाही करू नका, मोठे रेणू अगारमध्ये हळू पसरतात. त्यापेक्षा 96 वेलच्या प्लेटमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत एमआयसी (वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण) काढा, शेवटी रेझाझुरिन हा निळा रंग घाला: गुलाबी झालं तर बॅक्टेरिया जिवंत, निळं राहिलं तर वाढ थांबली.