बाळाचा जुना पाळणा पॉलिश करताय? या चुका टाळा

घरातला जुना लाकडी पाळणा, कॉट नाहीतर जेवायची उंच खुर्ची परत वापरात काढायची ठरली की पहिला प्रश्न येतो, पॉलिश कुठलं सेफ? प्रश्न बरोबरच आहे, पण नवीन पॉलिशच्या खाली काय आहे आणि वरचं पूर्ण पक्कं झालंय का, हे बघितलं नाही तर महागातला महाग डबा आणूनही उपयोग नाही, कारण बाळ कठडा नुसता धरत नाही तर दात यायला लागले की तासन् तास चावत बसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फर्निचर आलं की लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसणं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि घासलं की त्याची बारीक धूळ घरभर होते, ती जमिनीवर बसते आणि बाळ रांगतं जमिनीवरच. लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा ४ ते ५ पट जास्त शिसं शोषलं जातं आणि कितीपर्यंत चालेल अशी सेफ पातळी नाहीच. त्यामुळे रंग कधीचा आहे माहीत नसेल तर आधी एक पोपडा लॅबमध्ये तपासून घ्या. शिसं निघालं तर कोरडं घासायचं नाही, हीट गन तर अजिबात नाही, त्याने विषारी धूर होतो. वरून नवीन रंगाचे दोन हात मारले की झाकलं जाईल असंही काहीजण म्हणतात, पण चावून चावून तो थर निघतो आणि खालचं पुन्हा उघडं पडतं. माझं स्पष्ट मत, शिसं निघालं तर ती वस्तू बाळाला देऊच नका, कितीही जिव्हाळ्याची असली तरी. आणि हो, गजांमधलं अंतर साधारण ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर पॉलिशच्या भानगडीत पडण्यात अर्थच नाही, तो कॉट झोपायला नको.

दुसरी चूक, हाताला कोरडं लागलं म्हणजे झालं असं समजणं. वॉटर बेस्ड पॉलियुरेथेन (लाकडावर प्लॅस्टिकसारखा पारदर्शक थर देणारं पॉलिश) दोन-तीन तासांत कोरडं वाटतं पण पूर्ण कडक व्हायला २ ते ४ आठवडे लागतात, ऑइल बेस्डला महिनाभर धरा, थंडी किंवा दमट हवा असेल तर अजून जास्त. बाळ यायच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका प्लीज. नाक अगदी जवळ नेऊन वास घ्या, थोडाही वास येतोय तर अजून थांबायचं.

मग नॅचरल तेल लावू का? जवसाचं तेल म्हटलं की सगळे निश्चिंत होतात, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' जवसाच्या तेलात लवकर वाळावं म्हणून बहुतेक वेळा कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे ड्रायर घातलेले असतात, आणि कच्चं घेतलं तर आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) लिहिलेल्या कितीतरी डब्यांत वॉर्निश आणि थिनर असतं, लेबल नीट वाचा. अक्रोडाचं तेल मी चावण्याच्या जागी लावणार नाही, ॲलर्जीची भीती.

मला विचाराल तर चावण्याच्या जागांना मेण काढलेली चपडी, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये भिजवून केलेलं लाख पॉलिश सगळ्यात बरं. औषधाच्या गोळ्यांवर आणि गोड पदार्थांवर चकाकी आणायला हीच लाख वापरतात. स्पिरिट उडून गेलं की काम झालं. पाण्याला मात्र ते कच्चं, म्हणून जेवायच्या खुर्चीला वॉटर बेस्ड, तेही खेळण्यांसाठीच्या ईएन ७१-३ या युरोपियन स्टँडर्डचं बघून घ्या. ते स्टँडर्ड शिसं, कॅडमियम वगैरे किती बाहेर सुटतं हे तपासतं, ओल्या पॉलिशच्या वासाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे आठवडे मोजायचे ते मोजायचेच. बाळाच्या कपाटाला पॉलिश करत असाल तर खणांच्या आत तेल नको, बंद जागेत वास महिनोन् महिने राहतो आणि कपड्यांना लागतो.

आता काम बिघडलंच तर. तेल चिकट राहिलं असेल तर जाड लागलंय, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढा आणि पुढचा हात अगदी पातळ द्या. लाख चिकट राहिली तर बहुधा भिजवलेलं पॉलिश जुनं झालंय, स्पिरिटने काढून ताजं बनवा. लाखेवर पांढरट डाग म्हणजे ओल धरली, कोरड्या दिवशी स्पिरिटचं किंचित ओलं फडकं हलकेच फिरवा. पोपडे निघतायत तर खाली मेण किंवा चकचकीत जुना थर राहिलाय, त्यावर अजून एक हात मारून काही होत नाही, तेवढा भाग लाकडापर्यंत साफ करूनच परत सुरुवात करा.

आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप गरम होऊन पेट घेतात. बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.