समकालीन आफ्रिकी कलेचे प्रदर्शन कसे पाहावे: निवड, नाव आणि ओळख

समकालीन आफ्रिकी कलेचे प्रदर्शन पाहायला जाताना पहिली तपासणी त्याच्या शीर्षकाची करावी. 54 देशांचा आणि शेकडो भाषांचा खंड एका छताखाली आणणे हा एक दावा असतो. तो कोणी, कोठे बसून आणि कोणत्या प्रेक्षकासाठी केला आहे हे कळले नाही, तर आत दिसणारी ओळख कलावंताची आहे की त्याला निवडणाऱ्याची, हे सांगता येत नाही. असे प्रदर्शन पाहण्याची सारी पद्धत माझ्या मते या एका प्रश्नातून निघते, आणि त्यासाठी चित्रांइतकेच लक्ष भिंतीवरच्या नामपट्ट्यांकडेही द्यावे लागते.

सुरुवात निवडीपासून करावी. सहभागी कलावंतांचा जन्म कोठे झाला, ते कोठे शिकले आणि आज कोठे राहतात हे टिपून घ्यावे व त्या यादीत कोण नाही याचा विचार करावा. 1989 साली पॅरिसमध्ये प्रदर्शन-नियोजक जाँ-युबेर मार्तँ यांनी ‘माजिस्यँ द ला तेर’ (‘पृथ्वीचे जादूगार’) या प्रदर्शनात जगभरचे शंभराहून अधिक कलावंत एकत्र आणले, आणि त्यांतले सुमारे निम्मे युरोप-अमेरिकेबाहेरचे होते. हेतू उदार होता आणि प्रदर्शनाचे महत्त्व आजही मान्य करावे लागते. पण आफ्रिकेतून प्रामुख्याने स्वशिक्षित कलावंत आणि विधींशी निगडित कारागीर निवडले गेले व कलाशाळांत शिकलेली पिढी बाहेर राहिली. वास्तविक नायजेरियातील झारिया येथील कलाविद्यार्थ्यांनी 1958 मध्येच आपले मंडळ स्थापन केले होते, आणि त्यांच्यापैकी उचे ओकेके यांनी 1960 साली, देश स्वतंत्र होत असताना, स्थानिक परंपरा आणि पाश्चात्त्य तंत्र यांच्या ‘नैसर्गिक संयोगा’ची भूमिका लिहून मांडली होती. ही पिढी वगळली की आफ्रिकेतील आधुनिकता पॅरिसला सापडली, असा समज आपोआप होतो.

निवडीचा परिणाम प्रदर्शन संपल्यावरही टिकतो. त्या प्रदर्शनानंतर संग्राहक जाँ पिगोझी यांनी, ज्यांनी मार्तँ यांना निवडीत साहाय्य केले होते त्या आंद्रे मान्याँ यांच्या मदतीने, सहाराच्या दक्षिणेकडील कलावंतांचा संग्रह उभारला आणि त्यातही भर स्वशिक्षितांवरच राहिला. 2019 साली त्यातील 45 कलाकृती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला भेट म्हणून मिळाल्या. म्हणून नामपट्टीवर सर्वांत खाली, बारीक अक्षरांत छापलेली मालकीची ओळ अवश्य वाचावी.

सर्वाधिक वेळ मात्र नावाला द्यावा. मालीची राजधानी बामाको येथे सेदू केइता यांनी 1948 साली छायाचित्रांचा स्टुडिओ थाटला. शहरातील लोक ठेवणीतले कपडे घालून तेथे येत. घड्याळ, पेन, रेडिओ अशा वस्तू केइता स्वतः पुरवत, बसण्याची ढब सुचवत आणि मागे नक्षीदार कापड लावत. आपण कसे दिसावे हे ठरवण्यात त्या माणसांचा स्वतःचा वाटा होता, आणि या छायाचित्रांचे मोल मला मुख्यतः त्यातच वाटते. 1991 साली न्यूयॉर्कमधील ‘आफ्रिका एक्सप्लोर्स’ या प्रदर्शनात यांतली काही छायाचित्रे लागली तेव्हा छायाचित्रकार अज्ञात असल्याची नोंद त्यांच्याखाली होती. केइता तेव्हा हयात होते आणि त्यांच्या शहराला ते चांगले परिचित होते. मान्याँ यांनी त्यांचा माग काढला, आणि 1994 साली पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशन या कलासंस्थेत त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले.

एवढ्यावर थांबू नये. केइता यांचे ग्राहक घरी नेत ते छायाचित्र बहुधा 13 बाय 18 सेंटिमीटरचे, जवळ ठेवण्यासाठी किंवा नातलगांना पाठवण्यासाठी केलेले असे. कलादालनांत दिसणारे भव्य प्रिंट बहुतांशी नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर मूळ निगेटिव्हवरून काढलेले आहेत. यामुळे कोणत्याही स्टुडिओ-छायाचित्रासमोर दोन साले शोधावीत, एक छायाचित्र घेतल्याचे आणि दुसरे प्रिंट काढल्याचे. आणखी एक उणीव नजरेत भरेल: छायाचित्रकाराला नाव मिळाले, पण समोर बसलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांच्या नामपट्टीवर आजही ‘शीर्षक नाही’ एवढेच असते.

ही उणीव मनात ठेवून दक्षिण आफ्रिकेतील झानेले मुहोली यांची ‘फेसेस अँड फेजेस’ ही मालिका पाहावी. 2006 पासून चालू असलेल्या या मालिकेत कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी व्यक्ती यांची व्यक्तिचित्रे आहेत, आणि प्रत्येकाचे शीर्षक म्हणजे त्या व्यक्तीचे नाव, ठिकाण व वर्ष असे असते. ज्यांना नाव उघड केल्यामुळे हिंसा सहन करावी लागू शकते अशी माणसे येथे नावानिशी उभी आहेत. स्वतःला दृश्य-कार्यकर्ता म्हणवणारे मुहोली ‘सोमन्यामा न्गोन्यामा’ या आत्मचित्रांच्या मालिकेत त्वचेचा काळेपणा मुद्दाम गडद करतात आणि कपड्यांचे चिमटे, भांडी घासण्याच्या घासण्या यांचे अलंकार व शिरोभूषणे करतात. त्यांच्या आई घरकाम करत, हे कळले म्हणजे त्या वस्तूंचा अर्थ उलगडतो. तो केवळ फलकावर अवलंबून न राहता मालिकेतील चित्रे एकामागोमाग पाहून जुळवावा.

वस्तू आणि वस्त्र पाहून ‘आफ्रिकीपणा’ ठरवण्याची घाई टाळावी. कलावंत यिंका शोनिबारे यांचा जन्म लंडनचा आणि बालपण लागोसचे. विद्यार्थिदशेत ते सोव्हिएत संघातील पेरेस्त्रोइकावर, म्हणजे ऐंशीच्या दशकातील सुधारणांवर, काम करत असताना एका शिक्षकाने त्यांना अस्सल आफ्रिकी कला का करत नाहीस, असे विचारले होते. पुढे त्यांनी जे भडक रंगांचे कापड वापरले ते जावा बेटावरील बाटिकच्या धर्तीवर डच कारखान्यांनी बनवलेले, पश्चिम आफ्रिकेत खपलेले आणि त्यांनी स्वतः लंडनच्या बाजारात विकत घेतलेले होते. एल अनात्सुई यांच्या बाबतीत देशाची पट्टीही अपुरी पडते: 1944 साली घानात जन्मलेल्या या कलावंताने 1975 पासून नायजेरियातील न्सुक्का येथे अध्यापन केले. दारूच्या बाटल्यांची झाकणे तांब्याच्या तारेने जोडून केलेले त्यांचे विशाल पट दुरून राजवस्त्रासारखे वाटतात, तर जवळून त्यांवर मद्याची नावे वाचता येतात, आणि युरोप, आफ्रिका व अमेरिका यांना बांधणारा मद्याचा व गुलामांचा व्यापार आठवतो. त्या पटाच्या चुण्या कशा पाडाव्यात हे ते पुष्कळदा मांडणी करणाऱ्यांवर सोपवतात. तेव्हा तीच कृती दोन ठिकाणच्या छायाचित्रांत ताडून पाहावी.

व्हेनिसच्या बिनालेसारख्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनासारख्या, ठिकाणी देशांची स्वतंत्र दालने असतात. तेथे दाराबाहेरचे देशाचे नाव आणि आतल्या कलावंतांची यादी शेजारी ठेवून वाचावी. 2013 साली केनियाच्या दालनात बहुसंख्य कलावंत चिनी होते. 2015 साली तसेच घडू लागल्यावर केनियातील कलावंतांनी आवाज उठवला आणि सरकारने हात झटकले. त्याच 2013 साली प्रथमच सहभागी झालेल्या अंगोलाने एदसन शागास यांच्या लुआंडा शहरावरील छायाचित्रांसाठी राष्ट्रीय दालनाचा सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. 2019 साली घानाच्या पहिल्या दालनात देशात राहणारे आणि परदेशी स्थायिक झालेले असे सहा कलावंत एकत्र होते, आणि ही रचना मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रदर्शन कोठे कोठे फिरले हेही पाहावे. सिमोन न्जामी यांनी मांडलेले ‘आफ्रिका रिमिक्स’ 2004 साली ड्युसेलडॉर्फला सुरू होऊन लंडन, पॅरिस, टोकियो व स्टॉकहोम येथे गेले आणि 2007 साली जोहान्सबर्गला पोचले. आफ्रिकेतील मुक्काम एवढा एकच. याउलट कोयो कुओ आणि तांदाझानी ध्लाकामा यांनी 2022 साली केपटाउनच्या झाइट्झ संग्रहालयात ‘व्हेन वी सी अस’ हे शतकभराच्या कृष्णवर्णीय व्यक्तिचित्रणाचे प्रदर्शन मांडले, तेथे विभाग दैनंदिन जीवन, विश्रांती, आनंद असे होते, आणि ते युरोपात नंतर गेले. दुःखाखेरीज दुसरे काही दाखवायला नाही असे गृहीत धरणाऱ्या प्रदर्शनांशी त्याची तुलना करून पाहावी.

पाहून झाल्यावर टिपण लिहावे, आणि त्यात ‘आफ्रिकी कलावंत’ असा शब्दप्रयोग आला की त्या जागी शहर, देश व दशक घालून वाक्य टिकते का ते तपासावे. 2018 च्या कोची बिनालेत विल्यम केंट्रिज यांची अनेक पडद्यांवर सरकणारी मिरवणूक ज्यांनी पाहिली असेल त्यांनी हा प्रयोग तिच्यावरच करावा: जोहान्सबर्गचा, गोरा, वर्णद्वेषी राजवटीला न्यायालयात विरोध करणाऱ्या वकील आईवडिलांचा मुलगा, असे लिहिल्यावर त्या मिरवणुकीत कोण चालत आहे आणि ती कोण रेखाटत आहे, हे दोन प्रश्न वेगळे होतात, आणि दोन्हींची उत्तरे टिपणात स्वतंत्रपणे द्यावी लागतात.