थोड्या काडतुसांसाठी रीलोडिंगचं साहित्य: कुठे खर्च करावा, कुठे हात आखडावा

शिकारीच्या हंगामात दहा-वीस आणि नेम जुळवायला, सरावाला म्हणून आणखी पन्नास-साठ. वर्षाला एवढीच काडतुसं लागणारा माणूस रीलोडिंगच्या, म्हणजे झाडलेली पुंगळी घरी पुन्हा भरण्याच्या, साहित्याची यादी बघतो तेव्हा त्याचे डोळे पांढरे होतात. प्रेस, डाय, पावडर मेझर, ट्रिमर, टंबलर, क्रोनोग्राफ... यादी संपतच नाही. पण ती बहुतेक वेळा महिन्याला शेकडो फैरी झाडणाऱ्या स्पर्धकाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. महागड्या यंत्रांत आपण मुख्यतः वेग विकत घेत असतो, आणि ज्याला एका बैठकीत वीस काडतुसं भरायची आहेत त्याला वेगाची गरजच नसते. त्याने पैसे मोजमापावर घालावेत. बाकी ठिकाणी काटकसर खपून जाते.

पायरी १: आधी कायदा, मग हिशेब

शिकार, रायफल, प्राइमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर (बारूद) या चारही गोष्टींचे नियम देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी घरी काडतूस भरायला वेगळा परवाना लागतो, काही ठिकाणी पावडर किती साठवायची यावर मर्यादा असते, तर काही ठिकाणी हे सगळंच बंद आहे. एकही वस्तू घेण्याआधी आपल्याकडचा नियम लेखी स्वरूपात वाचून घ्या.

हिशेब सोपा आहे. कारखान्यातल्या एका काडतुसाच्या किमतीतून एक प्राइमर, एकदा भरायची पावडर आणि एक गोळी यांची किंमत वजा करा. पितळी पुंगळी पुन्हा वापरायची असल्याने ती धरू नका. जी बचत उरेल तिने साहित्याच्या एकूण खर्चाला भागा, म्हणजे किती काडतुसांनंतर पैसे वसूल होतील ते कळेल. वर्षाला पन्नास काडतुसं लागत असतील आणि उत्तर दोन हजार आलं, तर साहित्य चुकीचं निवडलंय. रायफल साध्या, सगळीकडे मिळणाऱ्या कॅलिबरची असेल तर बचत थोडीच होते. दुर्मीळ किंवा महाग काडतूस असेल तर ती पटकन दिसते. आपल्याच रायफलला मानवणारं काडतूस मिळावं म्हणूनही पुष्कळ जण यात पडतात. तेही कारण खरं आहे, फक्त त्याला बचतीचं नाव देऊ नका.

एक गोष्ट इथेच तपासा. रीलोडिंग फक्त सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध प्राइमर असलेल्या, काडतुसांचं होतं; .२२ एलआरसारख्या रिमफायरचं, ज्यात ठिणगीचं मिश्रण बुडाच्या कडेतच असतं, होत नाही. सेंटरफायरमध्येही पुंगळी बॉक्सर प्राइमरची हवी. आत टॉर्च मारून बघा: तळाला मधोमध एकच भोक दिसलं तर बॉक्सर, दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन. बर्डन पुंगळ्यांच्या नादी नवख्याने लागू नये, त्या साध्या डायची (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्याची) पिन मोडतात.

पायरी २: पहिली खरेदी मॅन्युअलची

प्रेसच्याही आधी छापील रीलोडिंग मॅन्युअल घ्या. हॉर्नडी, लायमन, स्पीअर, नॉसलर यांपैकी कोणतंही चालेल, पण आवृत्ती ताजी असावी. कोणत्या गोळीला कोणती पावडर, किती ग्रेनपासून (पावडरीच्या वजनाचं माप) सुरुवात, कमाल किती, काडतुसाची लांबी किती, हे सगळं त्यात प्रयोगशाळेत दाब मोजून दिलेलं असतं. सुरुवात नेहमी तळाच्या आकड्यापासून करायची. कुणा अनोळखी माणसाने सांगितलेला आकडा वापरून पैसे वाचत नाहीत. पावडर बनवणाऱ्या कंपन्याही आपली आकडेवारी मोफत देतात. मॅन्युअलशी ती ताडून बघायला उपयोगी पडते.

पायरी ३: प्रेस, आणि तीही एकाच टप्प्याची

प्रेस म्हणजे पुंगळी डायमध्ये दाबणारं दांड्याचं यंत्र; ती तीन तऱ्हेची असते. सिंगल-स्टेजमध्ये दांडा ओढला की एक काम होतं. टरेटमध्ये डाय गोल फिरवता येतात. प्रोग्रेसिव्हमध्ये दर खेपेला एक तयार काडतूस बाहेर पडतं. तिसरी आपल्यासाठी नाही. तिच्यात एकाच वेळी चार-पाच गोष्टी घडतात आणि नवख्याचं लक्ष नेमकं पावडरीवरून उडतं.

सिंगल-स्टेजमध्ये एक स्वस्त पर्याय म्हणजे ली कंपनीची हँड प्रेस. दोन्ही हातांत धरून दाबायची, टेबलाला बोल्ट मारायला नकोत, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला सोयीची. मात्र .३०-०६सारख्या लांब पुंगळीला पूर्ण आकार देताना मनगटं भरून येतात. त्याहून स्वस्त म्हणजे १९५८ पासून चालत आलेला ली लोडर. त्यात प्रेसच नाही, हातोडीने ठोकून काम होतं. पण तो पुंगळीची फक्त मान (तोंडाकडचा अरुंद भाग) आवळतो, म्हणून तीच पुंगळी त्याच बोल्ट-ॲक्शन (हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या) रायफलमध्ये परत वापरणाऱ्यालाच तो चालतो. सेमी-ऑटोमॅटिकसाठी तो अजिबात नको. शिकाऱ्याचं काडतूस ऐन वेळी चेंबरमध्ये, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीत, अडकता कामा नये, त्यामुळे माझं मत पूर्ण आकार देणाऱ्या डायकडे आणि साध्या बेंच प्रेसकडे झुकतं.

बेंच प्रेसमध्ये ॲल्युमिनियमची हलकी प्रेस आपल्या कामाला पुरते. ओतीव लोखंडाची, उदाहरणार्थ आरसीबीएसची रॉक चकर, महाग असते खरी, पण ती दोन पिढ्या जाते आणि म्हणूनच वापरलेली घ्यायला उत्तम. निवडीचं दडपण घेऊ नका. बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या प्रेस आणि डाय ७/८ इंच व्यासाच्या, इंचाला १४ आटे असलेल्या एकाच मापाच्या असतात. उद्या प्रेस बदलली तरी डाय फुकट जात नाहीत.

पायरी ४: डाय आणि शेल होल्डर

रायफलसाठी दोन डायचा संच पुरतो: एक पुंगळीला आकार देणारी आणि जुना प्राइमर काढणारी, दुसरी गोळी बसवणारी. महागड्या मायक्रोमीटर डाय लक्ष्यवेधाच्या स्पर्धेसाठी असतात, शिकारीच्या अंतरावर त्यांचा फरक जाणवत नाही. ली कंपनीच्या बहुतेक संचांत शेल होल्डर (पुंगळीचं बूड प्रेसवर धरून ठेवणारा तुकडा) बरोबर येतो, इतर कंपन्यांचा बहुधा वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा किमतींची तुलना करताना हे धरा. .३०८, .३०-०६, .२७० आणि .२४३ या चारही काडतुसांच्या बुडाचं माप एकच आहे. घरात यांपैकी दोन रायफली असतील तर एका शेल होल्डरवर भागतं.

रायफलच्या पुंगळीला वंगण लावल्याशिवाय ती डायमध्ये घालायचीच नाही. हे मेणासारखं वंगण डबीत मिळतं आणि एक छोटी डबी कित्येक वर्षं पुरते. बोटाच्या टोकाला जेमतेम लागेल एवढं घेऊन पुंगळीच्या अंगावर, बुडाच्या बाजूला जरा जास्त, फिरवत चोळायचं. पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, मात्र नको. तिथे वंगण साचलं की दाबाखाली त्याला वाट मिळत नाही आणि पितळेला खळगा पडतो. कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये घट्ट रुतते आणि दांडा जोराने मागे ओढला की नुसती कड तुटून हातात येते. मग आत भोक पाडून, आटे कापून ती काढावी लागते. डबीची किंमत या उपद्व्यापापुढे काहीच नाही.

पायरी ५: तराजूत काटकसर नाही

पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम. आपल्याला त्याच्याही दहाव्या भागापर्यंत वजन कळायला हवं. स्वयंपाकघरातला किंवा दागिन्यांचा स्वस्त डिजिटल काटा या कामाला भरवशाचा नाही.

दोन पर्याय आहेत. दांडीचा तराजू, म्हणजे बीम स्केल, हळू चालतो. पण त्याला वीज लागत नाही, बॅटरी उतरत नाही आणि आकडा आपोआप सरकत नाही. थोडी काडतुसं भरणाऱ्याला मी हाच सुचवेन. डिजिटल घ्यायचा तर रीलोडिंगसाठीच बनवलेला घ्या, सुरू करून काही मिनिटं तापू द्या आणि पंखा बंद ठेवा. वाऱ्याच्या झुळुकीनेही त्याचा आकडा हलतो. कोणताही घेतलात तरी बरोबर प्रमाणित वजनांचा छोटा संच घ्याच. गोळीच्या डब्यावर छापलेलं वजन ढोबळ पडताळणीला चालतं, तराजू तपासायला नाही.

बीम स्केल वापरताना तो सपाट जागेवर ठेवा, रिकामं पारडं टांगा आणि काटा शून्यावर येईपर्यंत पायाचा स्क्रू फिरवा. काटा वरखाली झुलून थांबू द्या. मग डोळे काट्याच्या रेषेत आणून वाचा. वरून बघितलं तर आकडा फसवतो. दर दहा काडतुसांनंतर शून्य पुन्हा बघायचं.

पावडर मेझर नावाचं, पावडर मापून टाकणारं ढोलाचं यंत्र लागत नाही. चमच्याने पारड्यात थोडी कमी पावडर घ्यायची आणि उरलेले दाणे ट्रिकलरच्या नळीतून एकेक करून पाडायचे. वीस काडतुसांना अर्धा-पाऊण तास लागेल. लागू दे. सगळ्या पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात उभ्या करून, गोळ्या बसवण्याआधी वरून टॉर्च मारायचा आणि प्रत्येकीत पावडरीची पातळी सारखी आहे ना ते बघायचं. ठोकळा लाकडाला भोकं पाडून घरीही होतो.

पायरी ६: पुंगळीची लांबी आणि तब्येत

झाडल्यावर आणि परत आवळल्यावर पितळ लांब होतं. .३०८च्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे. त्यापुढे गेलेलं तोंड चेंबरच्या टोकाला चेपतं, गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब धोक्याच्या वर जातो. म्हणून ०.०१ मिलिमीटर दाखवणारा स्टीलचा कॅलिपर हवा. प्लास्टिकचा नको.

लांबी छाटायला लेथसारखा ट्रिमर नको. ली कंपनीचं कटर आणि त्या-त्या काडतुसाची ठराविक लांबीची पिन घेतली की हातानेच काम होतं, मापही चुकत नाही. छाटल्यावर तोंडाची धार आतून-बाहेरून मोडायला एक चॅम्फर टूल लागतं.

पुंगळी किती वेळा वापरायची याला ठराविक आकडा नाही, ती तपासून ठरवायची. पेपर क्लिप सरळ करून तिचं टोक जरासं काटकोनात वाकवा आणि पुंगळीच्या आतून बुडाकडून वर ओढा. बुडाच्या जरा वर टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं, किंवा बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसलं, तर भिंत पातळ झाली आहे. ती पुंगळी चेपून भंगारात टाका. मानेला चीर दिसली तरी तेच.

पायरी ७: उरलेलं किरकोळ

प्राइमर बसवायला बहुतेक प्रेसवर सोय असते. वेगळं हँड टूल सोयीचं, पण नंतर घेतलं तरी चालेल. सुरक्षा चष्मा पहिल्या दिवसापासून हवा. टेबलावर एका वेळी एकच पावडर. प्राइमर मूळ पाकिटातच ठेवायचे, बाटलीत ओतून कधीही नाही, कारण एक फुटला तर सगळे फुटू शकतात. काम झालं की साबणाने हात धुवा, जुन्या प्राइमरच्या काजळीत शिसं असतं.

पावडरही हावरटासारखी घेऊ नका. मध्यम रायफल काडतुसात साधारण ४० ते ५० ग्रेन जाते, म्हणजे एका पौंडात १४० ते १७५ काडतुसं. एक डबा तुम्हाला दोन हंगाम सहज पुरेल.

टंबलर (पुंगळ्या घोळवून चमकवणारं यंत्र) सोडून द्या, फडक्याने पुसलेली पुंगळी तितकीच नीट चालते. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र), ॲनीलिंग यंत्र (पितळ तापवून मऊ करणारं), स्वयंचलित पावडर डिस्पेन्सर हेही सोडा. कंपन्यांचे सगळं-एका-खोक्यात संच स्वस्त वाटतात, पण त्यांची किंमत त्यातला तराजू बघून ठरवायची. तो हलक्या दर्जाचा असेल तर सुटं साहित्य घेतलेलं बरं.

वापरलेलं घेताना

प्रेसचा रॅम (वरखाली होणारा खांब) वर करून आडवा हलवून बघा. जाणवेल इतका खुळखुळत असेल तर सोडा. डायच्या आत टॉर्च मारा, गंज किंवा ओरखडा दिसला तर पुंगळीवरही तो उमटणार. तराजू घ्यायचा तर प्रमाणित वजनं खिशात घेऊन जा. उघडलेला पावडरचा डबा, सुटे प्राइमर आणि दुसऱ्याने भरलेली काडतुसं मात्र फुकट दिली तरी घेऊ नका. डब्यावरचं लेबल आणि आतला माल एकच आहे हे सांगायला कुणीच नसतं.

आणि गोळी उपटायचा प्लास्टिकचा हातोडा तेवढा यादीत टाका. वजनाबद्दल जराशी शंका आली की काडतूस उघडून पुन्हा भरायला तो लागतो.